हेन्झबाईंचे कागद वर्गात आणा : इंग्रजी अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, इंग्रजी अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे

सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी २७ वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं अमेरिकन साहित्याचा पेपर माझ्याकडे होता. एकोणिसाव्या शतकातली गुलामगिरी शिकवायची म्हणजे हॅरिएट बीचर स्टो यांची 'अंकल टॉम्स केबिन'. १८५२ सालचं पुस्तक, अफाट खप, उत्तरेत हळहळ, दक्षिणेत संताप. त्या संतापापोटी दक्षिणेची बाजू मांडणाऱ्या वीसहून अधिक कादंबऱ्या निघाल्या, हे मी एका वाक्यात सांगायचे आणि पुढच्या घटकाकडे वळायचे. मलाही माझ्या गुरुजींनी तेवढंच सांगितलं होतं. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. अमेरिकन साहित्याच्या पेपरात त्या वाक्याला जागा द्या, अशी विनंती करायला मी ते लिहिते आहे.

आधी एक प्रसंग सांगते.

१८२०चं दशक सरत आलं आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्यात चॅपल हिल नावाचं लहानसं विद्यापीठाचं गाव. तिथल्या एका प्राध्यापकाच्या घरात त्याची तरुण बायको कागद-लेखणी घेऊन बसली आहे. तिचं पहिलं मूल नुकतंच गेलं आहे. समोर तिशीतला एक काळा माणूस आहे. तो गुलाम आहे. त्याला वाचता येतं, पण लिहिता येत नाही. तिच्या गेलेल्या बाळावर त्याने शोकगीत रचलं आहे. तो सांगतो आणि ती लिहून घेते. लिहिताना तिच्या गालावरच्या कुरळ्या बटांआडून पाणी ओघळतं आणि ते तिला आवरता येत नाही.

ही आठवण त्याने लिहून ठेवली आहे. १८४५ साली छापलेल्या त्याच्या कवितासंग्रहाच्या सुरुवातीला छोटं आत्मचरित्र आहे, त्यात ती सापडते. माणसाचं नाव जॉर्ज मोझेस हॉर्टन. बाईंचं नाव कॅरोलिन ली हेन्झ. पुढे त्या दक्षिणेतल्या अतिशय लोकप्रिय कादंबरीकार झाल्या आणि १८५४ साली त्यांनी स्टोबाईंना उत्तर म्हणून 'द प्लँटर्स नॉर्दर्न ब्राइड' ही गुलामगिरीचं समर्थन करणारी कादंबरी लिहिली. मी वर्गात एका वाक्यात उडवलेल्या कादंबऱ्यांतल्या सर्वांत गाजलेल्यांपैकी ही एक.

हॉर्टनबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आपल्या पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच भेटतो. तो चॅटम काउंटीतल्या एका शेतमालकाचा गुलाम. जुनं स्पेलिंगचं पुस्तक आणि भजनांचं पुस्तक यांच्या आधारे तो स्वतःच वाचायला शिकला. आठवडाभर नांगर, आणि रविवारी आठ-दहा मैल चालत चॅपल हिलला फळं विकायला. तिथल्या विद्यार्थ्यांना कळलं की हा मनातल्या मनात कविता करतो. मग त्यांनी आपापल्या प्रेयसींसाठी त्याच्याकडून कविता रचून घ्यायला सुरुवात केली. मुलीच्या नावातली अक्षरं ओळींच्या आरंभी गुंफायची, आणि मोबदला साधारण २५ सेंट. तो सांगायचा, विद्यार्थी लिहून घ्यायचे. पुढे त्याने मालकाकडून स्वतःचाच दिवस भाड्याने घेतला. त्याचा दर होता रोजचे २५ सेंट. म्हणजे एक प्रेमकविता विकली की त्याचा एक दिवस त्याचा. विद्यार्थ्यांना हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवा, वर्ग आपोआप गप्प होईल.

हेन्झबाई मूळच्या मॅसॅच्युसेट्सच्या. लँकेस्टर गावी १८०० साली जन्मलेल्या, लढवय्या कर्नलच्या लेक. नवरा निकोलस मार्सेलस हेन्झ फ्रेंच, चॅपल हिलला आधुनिक भाषा शिकवायला आलेला. १८२६ ते १८३० हे जोडपं तिथे होतं. त्या काळात बाईंनी हॉर्टनच्या कविता लिहून घेतल्या, त्या सुधारायला मदत केली आणि आपल्या माहेरच्या गावातल्या 'लँकेस्टर गॅझेट'कडे पाठवल्या. ८ एप्रिल १८२८ रोजी त्यातली 'लिबर्टी अँड स्लेव्हरी' ही कविता छापून आली. गुलामीची ही बेडी घालायलाच का माझा जन्म झाला, असा आक्रोश तिच्या पहिल्या दोन ओळींतच आहे. पुढच्या वर्षी रॅलेहून त्याचा 'द होप ऑफ लिबर्टी' हा संग्रह निघाला. तो विकून आलेल्या पैशांत त्याला मालकाकडून सोडवायचं आणि आफ्रिकेतल्या लायबेरियाला पाठवायचं, असा बेत होता. पैसे पुरेसे जमले नाहीत.

या टप्प्यावर हेन्झबाईंकडे पाहिलं तर आपण त्यांना थोरच म्हणू. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाची बायको, परक्या मुलखात आलेली, एका गुलामाचे शब्द हातात घेऊन उत्तरेतल्या वर्तमानपत्रापर्यंत पोचवते. त्या चॅपल हिल सोडून गेल्या आणि त्याच सुमारास राज्याने कायदा केला, की गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या गोऱ्या माणसाला १०० ते २०० डॉलर दंड किंवा तुरुंग. हॉर्टन स्वतःच्या हाताने लिहायला शिकला तो त्यानंतर, १८३२च्या आसपास.

आता १८५४. कादंबरीच्या प्रस्तावनेत याच बाई लिहितात, की दक्षिणेत इतकी वर्षं राहूनही आपण क्रूरतेचा एकही प्रसंग पाहिला नाही, एकही बेडी किंवा साखळदंड नजरेस पडला नाही. आज्ञा मोडणाऱ्या मुलाला आईबाप करतील त्याहून कडक शिक्षाही कुणाला झालेली पाहिली नाही. कथेत न्यू इंग्लंडमधल्या एका गुलामगिरीविरोधी माणसाची मुलगी युलेलिया जॉर्जियातल्या सज्जन जमीनदाराशी लग्न करते आणि तिला तिथे सगळं गोकुळ दिसतं. गुलामांना फूस लावणारा खलनायक आहे उत्तरेतून आलेला एक तोतया धर्मोपदेशक.

ज्या बाईने बेडीचा आक्रोश असलेली कविता स्वतः वर्तमानपत्राला पाठवली, तिनेच २६ वर्षांनी लिहिलं की आपण बेडी पाहिली नाही. माझ्या शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत विद्यार्थ्यांपुढे ठेवता आला असता असा यासारखा दुसरा प्रश्न मला माहीत नाही, आणि तो मी ठेवला नाही.

पाठ्यपुस्तकी उत्तर तयार असतं : "ती वंशवादी होती, तिचा काळ तसा होता." चार गुण मिळतात आणि कुणाला काही टोचत नाही. चॅपल हिलनंतर ती उत्तरेतल्या सिनसिनाटीत राहिली. तिच्याच काळातली, त्याच गावात राहिलेली स्टोबाई मात्र वेगळी निघाली. या दोघी तिथे 'सेमिकोलन क्लब' नावाच्या एकाच साहित्य मंडळीत होत्या. तेव्हा काळाकडे बोट दाखवून सुटका होत नाही. मग उत्तर कुठे शोधायचं? मला वाटतं, कागदांत.

माझी लेक नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावी राहते. तिच्याकडे गेले असताना मी चॅपल हिलच्या विल्सन लायब्ररीत काही दिवस जाऊन बसले. तिथल्या सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शनमध्ये क्रमांक ३३२ खाली हेन्झ कुटुंबाची कागदपत्रं आहेत. पिशवी लॉकरमध्ये, हातात पेन्सिल आणि कोरे कागद, टेबलावर एका वेळी एकच फाइल. कुणीतरी कुजबुजल्याचाही आवाज नाही. ज्या गावात हॉर्टन फळं घेऊन चालत यायचा त्याच गावात मी बसले आहे, हे माझ्या मनातून जात नव्हतं.

संग्रहात बाईंची १८३६ सालची दैनंदिनी आहे. तेव्हा हे कुटुंब अलाबामातल्या फ्लॉरेन्स गावी मुलींची निवासी शाळा चालवत होतं. लेखिकेची म्हणून ती उघडावी तर आत भेटते ती शाळा चालवणारी बाई. वर्ग, मुली, घरकाम, पाहुणे, शेजार, थकवा. मी स्वतः वसतिगृहाची रेक्टर होते तेव्हा जशी दिवसाच्या शेवटी वहीत दोन ओळी खरडायचे, तशी ती लिहिते. तिच्याशी माझं लगेच जमलं, आणि तेच मला अवघड गेलं.

बाई लिहीत होत्याच, पण सवडीने. बॉस्टनच्या एका नाटकवाल्याने ५०० डॉलरचं बक्षीस लावलं होतं, ते त्यांच्या 'दे लारा' या नाटकाला १८३१ साली मिळालं. कादंबऱ्यांचा खरा ओघ सुरू झाला तो फार पुढे, नवरा आजारी पडून कामातून गेला तेव्हा, १८४९च्या सुमारास. मग 'लिंडा', 'रीना', 'मार्कस वॉरलँड', 'इओलीन', वर्षाला एक, कधी दोन. त्याच्या आजारपणाच्या खोलीतच बसून लिहायचं. घर त्यांच्या लेखणीवर चाललं. जे पुस्तक खपेल तेच प्रकाशक मागणार, आणि १८५४ साली स्टोबाईंना दिलेलं उत्तर खपणार होतं, यात शंका नाही. मी हे त्यांना माफ करायला सांगत नाही. एका कुटुंबाची भाकरी आणि एका वंशाची गुलामी एकाच टेबलावर येतात तेव्हा माणूस काय करतो, हे विद्यार्थ्यांनी तिच्या घरात शिरून पाहावं, असं मला वाटतं.

निकोलस हेन्झ यांच्याबद्दल एक आडवळण. हा माणूस कोळ्यांचा अभ्यासक होता, जाळं विणणाऱ्या कोळ्यांचा. अमेरिकेतल्या कित्येक जातींचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्याचं. मृत्यूनंतर १८७५ साली बॉस्टनच्या निसर्गविज्ञान संस्थेने ते सगळं पुस्तकरूपाने काढलं आणि आजही कोळ्यांच्या अनेक शास्त्रीय नावांपुढे त्याचं नाव लागतं. कोळ्याच्या पायावरचा केसदेखील त्याच्या नजरेतून सुटत नसे. आणि हाच माणूस फार संशयी होता. सिनसिनाटीत कुणा कर्नलने बाईंना एक चिठ्ठी पाठवली, त्यावरून तो इतका भडकला की शाळा गुंडाळून सगळं कुटुंब अलाबामात नेलं. ही गोष्ट बाईंनी कुठल्या कादंबरीत लिहिली नाही. त्यांच्या डॉक्टर मुलाने, चार्ल्सने, म्हातारपणी आत्मचरित्र लिहिलं, त्यात ती आहे. उत्तरेची ही बाई खोल दक्षिणेत कशी गेली याचं उत्तर वाङ्मयाच्या इतिहासात शोधून मिळत नाही. मुलाच्या वहीत मिळतं. घरच्या कागदांची किंमत इथे कळते. लेखिकेच्या नावावर जमा झालेल्या खोक्यात तिच्याहून जास्त बोलतात ती घरची माणसं.

चार्ल्सचे कागद तर वेगळ्याच कारणाने मोलाचे. १८२७ साली चॅपल हिललाच जन्मलेला हा मुलगा फ्लोरिडात मारियाना आणि क्विन्सी भागात वैद्यकी करत होता. त्याची दैनंदिनी आणि आत्मचरित्र 'अ सदर्न प्रॅक्टिस' या नावाने २००० साली व्हर्जिनिया विद्यापीठाने छापलं आहे, संपादक स्टीव्हन स्टो. त्यात गोरे रुग्ण आहेत तसे गुलाम रुग्णही आहेत, आणि बोलावणं येतं ते मालकाकडून. दुखणं एकाचं, मालकी दुसऱ्याची. आईने प्रस्तावनेत ज्या मुलखात बेडी दिसली नाही असं लिहिलं, त्याच मुलखात, त्याच काळात तिचा मुलगा घोड्यावरून फिरत होता आणि माणसांची दुखणी लिहून ठेवत होता. दोघांची पानं शेजारी ठेवून वाचता येतात. कुठल्याही समीक्षकाच्या लेखापेक्षा ती पानं जास्त शिकवतात.

मुलगी ज्युलिया हिची दिशा आणखी निराळी. १८६५ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिण हरली. दक्षिणेतली काही कुटुंबं ब्राझीलला निघून गेली, कारण तिथे गुलामगिरी अजून चालू होती. ती संपली १८८८ साली. ज्युलिया आणि तिचा दंतवैद्य नवरा १८६७ मध्ये मुलाबाळांसह तिकडे गेले आणि १८७०च्या सुमारास परत आले. तिने त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या. बाई स्वतः हे काही पाहायला नव्हत्या. फेब्रुवारी १८५६ मध्ये मारियानात न्यूमोनियाने त्या गेल्या. नवरा त्याच वर्षअखेरीला.

आणि हॉर्टन? त्याचं पुढे काय झालं, हे चॅपल हिलमधलेच दुसरे कागद सांगतात. १८४४ साली त्याने गुलामगिरीविरोधी चळवळीचे पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन यांना पत्र लिहिलं. पुस्तक छापायला मदत करा, मला सोडवायला मदत करा. ते पुढे पाठवायला त्याने विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड स्वेन यांच्याकडे दिलं. स्वेन यांनी ते पाठवलं नाही. १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने न्यूयॉर्कचे संपादक होरेस ग्रीली यांना लिहिलेलं पत्रही तसंच अडकलं. दोन्ही स्वेन यांच्या कागदांत राहिली. आज आपल्याला ती वाचायला मिळतात याचं कारण ती कधी पोचलीच नाहीत. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ बसून राहिले. एका अभिलेखागारात एकाच छपराखाली एका बाईची दैनंदिनी आदराने जपलेली, आणि एका माणसाची विनंती अडवून ठेवल्यामुळे जपली गेलेली.

हॉर्टनला स्वातंत्र्य मिळालं ते १८६५ साली, उत्तरेची फौज आली तेव्हा, साठी ओलांडल्यावर. त्याच वर्षी त्याचा तिसरा संग्रह निघाला आणि मग तो फिलाडेल्फियाला गेला.

संग्रह कसा उभा राहिला हेही मुलांना सांगायला हवं. सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शनची रीतसर स्थापना १९३० मधली. इतिहासाचे प्राध्यापक हॅमिल्टन मोटार घेऊन दक्षिणेतल्या घराघरांत, माळ्या-तळघरांत फिरले आणि ट्रंकाच्या ट्रंका कागद घेऊन आले. लोक त्यांना 'रॅन्सॅक' म्हणायचे, म्हणजे घर उचकटणारा. हे काम अचाट होतं. ते झालं नसतं तर हेन्झ कुटुंबासारख्या कित्येक घरांचे कागद वाळवीने खाल्ले असते. पण ट्रंका कुणाकडे होत्या? माळा कुणाच्या घराला होता? ज्यांना लिहायला शिकवणं हाच गुन्हा होता त्यांच्या ट्रंका कुठून येणार? ती माणसं या कागदांत आहेत, पण दुसऱ्याच्या अक्षरात. यादीत, हिशेबात, औषधाच्या नोंदीत, मृत्युपत्रात. त्यांना तिथून वाचायचं कसं, हे शिकवायला हेन्झ कुटुंबाचे कागद फार चांगले आहेत, कारण इथे एक गुलाम बोलून गेला आहे आणि त्याचं म्हणणं छापून आलं आहे. तपासून घ्यायला दुसरी बाजू उपलब्ध आहे.

तुमच्यातले काहीजण म्हणतील, हे सगळं अमेरिकेचं. आपल्या मुलांचा याच्याशी संबंध काय? संबंध आपल्याच एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलेला आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष त्यागाबद्दल. आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांना मोकळं करताना त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छाही तिथेच लिहिली आहे. अर्पणपत्रिका आपण वर्गात अभिमानाने वाचतो, आणि वाचावीच. पण ते सदाचारी लोक कोण आणि त्यांच्यासमोर त्यांच्याच मुलखात, त्यांच्याच गावांतून आलेली सुशिक्षित माणसं काय लिहीत होती, हे मुलांना माहीत नसेल तर अर्पणपत्रिकेचं अर्धं वजन त्यांना कळत नाही. जोतीरावांनी त्याग हा शब्द मोजून वापरला होता. हेन्झबाईंनी कविता पोचवली, अश्रू गाळले, बक्षीसही दिलं. त्यागाची वेळ आली तेव्हा काय झालं ते आपण पाहिलंच.

आणि आणखी एक बाई आठवते. सिंथिया फरार. न्यू हॅम्पशायरची, हेन्झबाईंहून पाच वर्षांनी मोठी. हेन्झबाई चॅपल हिलला होत्या त्याच काळात, १८२७च्या डिसेंबरात, ती मुंबईला उतरली आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली. १८६२ साली तिथेच वारली. तिच्या शाळा पाहून जोतीरावांच्या मनात मुलींच्या शाळेचं बी पडलं. न्यू इंग्लंडमधून निघालेल्या दोन शिक्षिका : एक फ्लॉरेन्सला जमीनदारांच्या मुलींना शिकवत होती, दुसरी नगरला. मिशनऱ्यांच्या हेतूंबद्दल आपल्याकडे मतभेद आहेत, ते राहू देत. पण या दोघींची तुलना करणारा एखादा एम. ए.चा प्रबंध नगरमधल्याच विद्यार्थ्याने लिहिला तर किती चांगलं होईल.

आता नेमकं काय हवं आहे ते सांगते.

पदवीच्या अमेरिकन साहित्याच्या पेपरात एक घटक असा ठेवा. 'अंकल टॉम्स केबिन'मधला एक भाग जसा आहे तसा राहू द्या. त्याला जोडून 'द प्लँटर्स नॉर्दर्न ब्राइड'ची प्रस्तावना, तेवढीच, काही पानांची. तिच्याशेजारी हॉर्टनच्या १८४५च्या आत्मचरित्रातला चॅपल हिलचा भाग आणि ती बेडीची कविता. हे सगळं प्रताधिकारमुक्त आहे आणि चॅपल हिलच्याच विद्यापीठाच्या 'डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ' या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतं. पैसा लागत नाही. चार्ल्स हेन्झच्या पुस्तकाची एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयाने घेतली तरी पुरे. हेन्झ कुटुंबाच्या कागदांची वर्णनसूची इंटरनेटवर आहे. ती मुलांना नुसती वाचायला द्या. एखाद्या संग्रहाची सूची कशी वाचावी, हे आपण पदव्युत्तर वर्गातही शिकवत नाही.

कुणी म्हणेल की गुलामगिरीचं समर्थन करणारा मजकूर अभ्यासक्रमात कशाला, मुलांच्या मनावर परिणाम होईल. मी तुम्हाला अनुभवाने सांगते, आपल्या मुलांच्या घरी असा मजकूर रोज बोलला जातो. 'आमच्या गड्याला आम्ही घरच्यासारखं वागवायचो' हे वाक्य त्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेलं असतं. हेन्झबाईंची प्रस्तावना हेच वाक्य आहे, इंग्रजीत, चांगल्या शैलीत. ते वाक्य उलगडायला शिकायचं तर वर्गासारखी सुरक्षित जागा दुसरी नाही.

अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आपण पाठांतराच्या चाचणीला देतो. त्यातले काही या कामाला द्या : प्रत्येकाने घरातला किंवा गावातला एक जुना कागद आणायचा आणि त्यात कुणाचं पूर्ण नाव आहे, कुणाचं अर्धं आहे, कुणाचं नाहीच, हे लिहायचं. मी एकदा हौसेने हे करून पाहिलं होतं. एका मुलीने पणजोबांची सालगड्यांच्या हिशेबाची वही आणली. मालकाकडच्या पाहुण्यांची नावं आडनावासकट, आणि गड्यांची नुसती गणू, बाळ्या, चंदऱ्या, पुढे उचलीची रक्कम. तिने पान वाचलं, थांबली, आणि म्हणाली, "मॅडम, यातल्या चंदऱ्याचा नातू आमच्याच वर्गात आहे." त्या दिवशी तास संपल्याची घंटा कुणीच मनावर घेतली नाही. आपल्या पेशवेकालीन दप्तरांतही कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदीच्या नोंदी आहेत. मोडी वाचू शकणारी मुलं तयार झाली तर इतिहास विभागाबरोबर तेही काम होईल. पण सुरुवात घरच्या ट्रंकेपासून व्हावी.

जागा कुठून आणायची, हा तुमचा रास्त प्रश्न असेल. श्रेयांक ठरलेले, घटक ठरलेले. माझ्या मते साहित्यिक चळवळींच्या व्याख्यांचा जो पहिला घटक सगळीकडे आहे, त्याचे तास निम्मे करा. ट्रान्सेंडेंटॅलिझमची व्याख्या पाठ करून माझा एकही विद्यार्थी शहाणा झालेला मी पाहिला नाही. हे माझं मत आहे, त्यावर वाद घाला, पण जागा नाही असं म्हणू नका.

मी माझ्याकडून तयारी केली आहे. प्रस्तावना, आत्मचरित्रातली पानं आणि कविता यांच्या प्रती काढल्या आहेत. कठीण शब्दांचे मराठी अर्थ समासात लिहिले आहेत, कारण तालुक्याच्या गावातल्या मुलांना एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी जड जातं. दोन तासांच्या शिकवणीची टिपणं आहेत, आणि प्रश्नांचा एक संचही. ज्या मंडळाला हवं असेल त्याला पाठवीन. मंडळाच्या बैठकीची तारीख आधी कळवलीत तर स्वखर्चाने येईन, आणि ती दोन पानं, एक त्याचं आणि एक तिचं, तुमच्यासमोर वाचून दाखवीन.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका
सातारा